दोन पट्ट्या खाली

या अंकात दरवर्षी निवृत्त मुख्याध्यापक, एसटीतले वाहक, सिस्टरबाई अशी माणसं लिहितात. तीस-पस्तीस वर्षं एकच काम केलेली. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पेणला एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात चार वर्षं अर्धवेळ काम करतो. चार वर्षांच्या जोरावर अनुभव सांगायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. आमच्या घरात याआधी कुणी छापण्यासाठी काही लिहिलेलं नाही. बाबा डोलवीच्या स्टील कंपनीत ठेकेदाराकडे फिटरच्या हाताखाली असतात, आई आमच्या गावची, गडबची, भातशेती बघते. कॉलेजात जाणाराही मीच पहिला. त्यामुळे कुठला शब्द जास्त झाला आणि कुठला कमी पडला, हे घरी वाचून सांगणारं कुणी नाही. संपादकबाईंना मी दोनदा नाही म्हटलं होतं. काही चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आणखी एक कबुली आधीच देतो. या लेखात त्रागा जास्त आहे. तो काढून लिहून बघितलं, तर पानभरही उरलं नाही.

आमचं दुकान लहान आहे. मालक नाना, वय बासष्ट. पेटी, तबला, ढोलकी, मृदंग ही त्यांची कामं. गिटारी त्यांना आवडत नाहीत, पण कॉलेजची आणि कंपनीच्या वसाहतीतली मुलं आणतात, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी मोबाइलवर बघून आणि दोन स्वस्त गिटारी बिघडवून शिकलो. बिघडवलेल्या दोन्ही माझ्याच होत्या, हे नमूद करतो.

या धंद्यात मला सगळ्यात जास्त छळलं असेल तर एका समजुतीने: वाद्य जितकं ताणलेलं तितकं चांगलं. ढोलकी खणखणली पाहिजे, मग काय वाटेल ते करतात. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्याच गावातला एक भजनीबुवा पान्याने ढोलकीचे नट आवळत बसला. मी म्हटलं, "काका, बस झालं." तो म्हणाला, "तू शिकवू नको, तुझ्या बापाला मी खेळवलाय." दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी शाईचं चामडं फाटलेली ढोलकी घेऊन तोच दारात उभा. आणि वर मलाच, "तुमचं चामडंच कच्चं."

गिटारवाल्यांची वेगळी तऱ्हा. एक मुलगा नवी गिटार गाडीच्या डिकीत टाकून वडखळच्या नाक्यावर ऐन दुपारी दोन तास ट्राफिकमध्ये अडकला. आत भट्टी झाली, सरस मऊ पडला, तारांनी घोडी उपटून काढली. घोडी म्हणजे गिटारच्या पोटावर चिकटवलेला लाकडाचा तो तुकडा, ज्यात तारांची खालची टोकं अडकवलेली असतात. त्याला मी सांगितलं की गाडीत ठेवायचीच तर तारा सैल करून ठेवायची. तो म्हणाला, "मग परत लावायला कोण बसणार?"

पण ज्या गिऱ्हाइकाबद्दल मला लिहायचं आहे, ते सलीमचाचा. ते रोह्याचे.

फेब्रुवारीत एका सकाळी रोह्याकडून येणाऱ्या गाडीने ते उतरले आणि बेडशीटमध्ये गुंडाळलेली एक भलीमोठी पेटी घेऊन दुकानात आले. सत्तरीचे, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट. पेटीत जुनी बारा तारांची गिटार होती. इतकी जुनी आणि इतकी स्वच्छ गिटार मी तोवर पाहिली नव्हती. एक चरा नाही. खुंट्यांना तेल घातलेलं.

"वाजवता का चाचा?" मी विचारलं.

"नाय रे बाबा. मला काय येतंय? ही माझी नाय. दोस्ताची हाय. अमानत, सांभाळून परत द्यायची."

मस्कतला एकाच कंपनीत चाचा स्टोअरमध्ये होते आणि मडगावकडचे आग्नेल नावाचे एक जण इलेक्ट्रिशियन. दोघांच्या शिफ्टही वेगळ्या आणि राहायच्या खोल्याही. पण शुक्रवारी सुट्टी असायची, आणि त्या दुपारी आग्नेलच्या खोलीत सगळे जमायचे. आग्नेल गिटार वाजवायचे. मग अशाच एका शुक्रवारी दुपारी आग्नेलची आई अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि ते मिळेल त्या विमानाने निघाले. गिटार चाचांच्या हवाली केली. आग्नेल परत आले नाहीत. कंपनी बंद झाली, पत्ते हरवले, चाचांनी गिटार आपल्या सामानात घालून रोह्याला आणली. त्याला एकतीस वर्षं झाली. गेल्या वर्षी चाचांच्या पुतण्याने मोबाइलवर शोधून आग्नेलना गाठलं. आता चाचा स्वतः गोव्याला जाऊन गिटार परत देणार होते. तिकीट काढलेलं, दोन आठवडे हातात.

"काय खराबी नाय हिच्यात," चाचा म्हणाले. "फक्त तारा नव्या घाल आणि बरोबर सुरात लावून दे. जशी दिली तशी परत गेली पायजे."

मी गिटार आडवी धरून पाहिली आणि माझा चेहरा पडला. पोट फुगलेलं होतं. घोडीच्या मागची फळी भाकरीसारखी वर आलेली.

इथे थोडं समजावून सांगतो. साध्या गिटारला सहा तारा असतात. हिला त्याच सहाच्या सहा जोड्या. दोन जोड्यांत दोन्ही तारा एकाच सुराच्या, उरलेल्या चार जोड्यांत एक तार जाड आणि तिच्याबरोबर वरच्या सप्तकातली एक बारीक. म्हणून एक माणूस वाजवत असला तरी दोघं वाजवतायत असं वाटतं. आवाज सुंदर. पण पूर्ण सुरात लावली की या बारा तारा मिळून लाकडाला शंभर किलोच्या आसपास ओढतात. म्हणजे भाताच्या भरलेल्या दोन गोणी रात्रंदिवस त्या घोडीला टांगलेल्या, आणि घोडी नुसत्या सरसावर. म्हणून जुनी बारा तारांची गिटार पूर्ण सुराच्या खाली लावायची असते. किती खाली, हे प्रत्येक गिटारला विचारावं लागतं.

मी वहीचा कागद फाडून घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवला. तो आत गेला. जायला नको होता.

"चाचा, ही इतकी वर्षं कशी ठेवली होती? तारा सैल करून?"

ते दुखावले. "सैल? कशाला सैल? एक आठवडा उतरू दिली नाय मी." आणि खिशातून त्यांनी एक छोटी शिट्टी काढली. सहा भोकांची, प्रत्येक भोकात गिटारच्या एकेका जोडीचा सूर. आग्नेलचीच होती. "दर शुक्रवारी नमाज पढून आलो की शिट्टी वाजवायची आणि एकेक खुंटी मिळवायची. बाराच्या बारा. एक तार तुटली तर मुंबईवरून मागवायचो. आग्नेल अशीच ठेवायचा. मी डोळ्यांनी बघितलंय."

नाना पेटीचा भाता चिकटवत होते. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. त्यांनाही कळलं होतं.

मी म्हटलं, "चाचा, त्यानेच पोट फुगलंय."

हे मी नीट बोललो नाही. पहिल्याच दिवशी, गिऱ्हाइकांसमोर, एखाद्या लहान मुलाची चूक पकडावी तसा बोललो. चाचांनी फुगलेल्या जागेवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, "तू अजून शिकतोयस ना?"

मी व्हय म्हटलं.

"मग नीट शिक."

आणि निघून गेले. गिटार मात्र ठेवून.

पुढचे दहा दिवस मी जे केलं ते असं. आधी सगळ्यात बारीक तारांचा संच घातला. मग दुकानातल्या हार्मोनियमच्या आधाराने गिटार आधी काळी एकवर आणली, म्हणजे पूर्ण सुराच्या तीन पट्ट्या खाली. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजायच्या. एक दिवस तशीच ठेवली. कागद होता तिथपर्यंतच जात होता. मग पांढरी दोनवर. दोन दिवस ठेवली. कागद तितकाच. मग काळी दोन, म्हणजे पूर्ण सुराला फक्त एक पट्टी कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद केसभर जास्त आत गेला. मी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. परत उतरवून पांढरी दोनवर आणली. ठरलं. पूर्ण सुराच्या दोन पट्ट्या खाली. तेवढं उतरलं की ओढ पाचातला एक भाग कमी होते, आणि घोडी तेवढ्यावर उभी राहत होती.

या कामाला वेळ लागतो आणि ते दिसत नाही. दिवसभर गिटार नुसती टेबलावर पडून असते. आणि चाचा एक दिवसाआड रोह्याहून गाडीने येऊन बाकावर बसायचे. "झाली?" "नाय चाचा." "मग करतोस काय?" "थांबतोय." नानांनी हे ऐकून दोनदा हसून घेतलं.

मी त्यांना समजावलं की दोन पट्ट्या खाली लावली तरी काही बिघडत नाही. कॅपो म्हणून एक चिमटा असतो. तो गिटारच्या मानेवर दुसऱ्या घरात लावला की सगळ्या तारा तेवढ्या आखूड होतात आणि सूर परत पूर्ण येतो. ओढ मात्र कमीच राहते. मी दुकानातला कॅपो लावून दाखवला. चाचांनी शिट्टी फुंकली, मी छेडलं. जुळलं. मला वाटलं, सुटलो.

"आणि चिमटा काढला की?"

"की दोन पट्ट्या खाली."

"म्हंजे चिमटा लावून मी त्याला फसवायचं."

"यात फसवणं कुठे आलं चाचा?"

"त्याने मला पूर्ण सुराची दिली. मी कमी सुराची देतोय. मधले दोन सूर कुठे गेले? मी खाल्ले?"

माझ्याकडे फक्त ताणाचा हिशेब होता. मी नुसता कपाळावर हात मारून घेतला. नाना म्हणाले, "अरे, एखादा दिवस लावून दे त्यांच्या मनासारखी. गोव्यात गेल्यावर काय व्हायचं ते होऊ दे." म्हणजे आमचं पाप गोव्यात. मी नानांवरही चिडलो.

दोन दिवसांनी कॉलेजातून दुपारी दुकानात आलो. चाचा बाकावर शांत बसले होते, जरा जास्तच शांत. मी गिटार उचलली आणि तार छेडायच्या आधीच हाताला कळलं. तारा दगडासारख्या. बाराच्या बारा पूर्ण सुरात.

"नाना, हे कुणी केलं?"

नाना म्हणाले, "म्हातारा माणूस. म्हणाला, एकदा ऐकू दे. मी काय हात धरणार?"

मी ओरडलो. जाहीर सांगतो, मी सत्तर वर्षांच्या माणसावर ओरडलो. "दहा दिवस मी झक मारली का इथे? तुम्हाला देखभाल करायचीये की मोडायचीये? एकदा ठरवा!" बोलता बोलता कागद सरकवला. तो पेन्सिलीची खूण ओलांडून गेला. मी मोबाइलचा टॉर्च एका बाजूने धरला आणि चाचांना खाली वाकायला लावलं. "बघा. दिसतोय उजेड?"

घोडीच्या खालून उजेडाची बारीक रेघ येत होती.

चाचांनी ती पाहिली. हळूच म्हणाले, "उतरव."

मी एकेक खुंटी सोडत गेलो. खुंटी सोडताना लाकूड कुरकुरतं, तो आवाज त्यांनीही ऐकला. सगळ्या उतरल्यावर ते उठले. "मी मौलानांना विचारून येतो."

नाना चकित. "गिटारीचं मौलानांना विचारणार?"

"गिटारीचं कशाला? अमानतीचं विचारणार. वस्तू काय हाय ते सांगत बसणार नाय मी."

ते दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने हजर. बाकावर न बसता सरळ टेबलाशी आले. "मौलाना बोलले, आधी वस्तू वाचव. वस्तूच गेली तर देणार काय? पण जे कमी झालंय ते आपल्या तोंडाने सांगायचं. आणि कशाने कमी झालं तेही. चिमटा लावून लपवायचं नाय."

"मग लावू दोन पट्ट्या खाली?"

"लाव. चिमटा पेटीत ठेव. मी आधी सांगेन, मग तो त्याला काय लावायचं ते लावेल."

मी घोडीच्या मागच्या कडेत पातळ सरस भरून क्लँप लावून दोन दिवस ठेवली, आणि पांढरी दोनवर लावून दिली. पोट सपाट करणं माझ्या हातातलं नव्हतं. ते काम करणारा माणूस मुंबईला आहे, पण तेवढे दिवस उरले नव्हते. निघताना मी ओरडल्याबद्दल माफी मागायची ठरवली होती. चाचांनी तेवढ्यात विचारलं, "गाडीत ही उभी ठेवू की आडवी?" आणि मी आडवी, उभी, पंख्यापासून लांब, उन्हापासून लांब असं पाच मिनिटं सांगत बसलो. माफी राहून गेली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. त्यानंतर काही नाही.

फोन केला तर बंद. मला झोप येईना असं म्हणणार नाही, परीक्षा होती, झोप चांगली आली. पण दुकानात आलं की टेबलावरची ती रिकामी जागा दिसायची. सरस धरला असेल का? गोव्याच्या दमट हवेत लाकूड आणखी फुगलं असेल का? कुणी पुन्हा शिट्टी काढून चढवली असेल का? आणि चाचांनी त्या माणसाला तोंडाने काय सांगितलं असेल? नाना म्हणायचे, "गिऱ्हाईक परत आलं नाय म्हंजे काम चांगलं झालं." हे वाक्य नाना सगळ्याच कामांबद्दल म्हणतात. रोह्याचा एक पेटीवाला म्हणाला, ती गिटार वाटेतच फुटली. दुसरा म्हणाला, गोवेकराने घेतलीच नाही. दोघांनीही ती पाहिलेली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "ऐकलं बाबा तसं." एका रविवारी मी स्वतः रोह्याला गेलो. चाचांच्या घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अरे, आताच तर होते." आताच म्हणजे कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी दुकानात ढोलक्यांचा डोंगर झाला होता. त्या गर्दीत एक बाई शाळेची पेटी घेऊन आल्या. दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. पावतीसाठी नाव विचारलं. त्यांनी रुबीना सांगितलं आणि मग म्हणाल्या, "तू संकेत ना? मी सलीमचाचांची मुलगी."

मी पान्यासकट उभा राहिलो. "आपा, गिटार कशी आहे?"

"चांगली हाय. तिकडेच हाय."

"घोडी?"

"घोडी म्हंजे काय ते मला नाय म्हाइत. पण वाजते. मी व्हिडिओवर ऐकली."

मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. चाचा आग्नेलच्या घरी पोचले ते पेटी उघडायच्या आधीच बोलायला लागले. दोन सूर कमी आहेत, हे आधी ऐकून घे. आग्नेल थकलेले, खुर्चीतच बसून असतात. ते म्हणाले, आधी दे तर खरी. त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि कॅपोकडे न बघता तशीच छेडली, मोकळी. थांबले. परत छेडली. मग चाचांना म्हणाले, "सलीम, तुला कसं रे आठवलं, मी हिला इथेच ठेवायचो ते?"

आग्नेल ती आठवडाभर दोन पट्ट्या खालीच ठेवायचे. शुक्रवारी मंडळी जमायची, त्यांच्या गाण्याच्या पट्टीसाठी दुपारपुरती शिट्टीवर चढवायचे, आणि सगळे गेले की संध्याकाळी उतरवायचे. चाचांनी ती फक्त शुक्रवारी दुपारी पाहिली होती. चढवताना. उतरवताना ते कधी तिथे नव्हतेच.

"अब्बा नुसतं व्हय बोलले असते ना, तरी चाललं असतं," आपा म्हणाल्या. "आग्नेल अंकल इतके खूश झाले होते. आम्हाला कुणाला कळलंही नसतं."

"मग काय बोलले?"

"बोलले, मला काय आठवलं नाय. मला ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं मी चढवूनच ठेवली, तिचं पोट फुगवलं ते मीच. पेणच्या दुकानातल्या पोराने उतरवली, आणि मी त्याच्याशी भांडलो."

"आणि आग्नेल?"

"त्यांनी फुगलेल्या जागेवर हात ठेवला आणि हसले. बोलले, सलीम, पोट माझं पण सुटलंय. मग बोलले, त्या पोराला हे जाऊन सांग."

चाचा दोन दिवसांसाठी गेले होते, ते दोन महिने तिथेच राहिले, मोबाइल तिकडे समुद्रात भिजला. परत आल्यावर दर आठवड्याला म्हणायचे, पेणला जाऊन येतो. तीनदा गाडीत बसले आणि तीनदा, आपा म्हणाल्या, अर्ध्या वाटेवर नागोठण्याला उतरून परत आले.